कॅमेरा हाती आला म्हणून छायाचित्रकार होतो का?

१९४६ सालची गोष्ट. अमेरिकेतील 'लाइफ' साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट महात्मा गांधींचे छायाचित्र घेण्यासाठी पुण्यात आल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या रणभूमीवर काम केलेल्या या छायाचित्रकर्तीकडे त्या काळातील उत्तमोत्तम कॅमेरे होते. गांधीजींच्या सचिवांनी मात्र त्यांना वेगळाच प्रश्न विचारला : आपल्याला सूत कातता येते का? उत्तर नकारार्थी होते. ज्याला चरखा कळत नाही, त्याला चरख्याजवळ बसलेले गांधीजी कसे कळणार, अशी सचिवांची भूमिका होती. बर्क-व्हाइट यांना आधी कातण्याचा धडा घ्यावा लागला. त्यानंतर परवानगी मिळाली, तीही केवळ तीन फ्लॅश-बल्ब वापरण्याची. खोलीत उजेड अपुरा होता. पहिले दोन प्रयत्न फसले, तिसरा साधला.

त्या तिसऱ्या प्रयत्नातील छायाचित्र आज जगभर ओळखले जाते. त्यात चरखा अग्रभागी आहे आणि गांधीजी त्याच्या मागे वाचनात मग्न आहेत. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाल्यानंतर हे छायाचित्र त्यांच्या जीवनाचे प्रतीक बनले.

या प्रसंगात उत्तम साधनसामग्री छायाचित्रकर्तीजवळ होती. ती दोनदा निकामी ठरली. उपयोगी पडले ते विषय समजून घेण्याचे कष्ट, धीर आणि हाती उरलेल्या एका संधीसाठी मनाची तयारी. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनीच्या रूपाने कॅमेरा आहे. अशा वेळी छायाचित्रकार नेमके कोणाला म्हणावे, हा प्रश्न नव्याने विचारला जातो. त्याचे उत्तर कॅमेऱ्याच्या किमतीत सापडत नाही, हे या कलेच्या इतिहासावरून दिसून येते.

प्रश्न जुनाच आहे

१९ ऑगस्ट १८३९ रोजी फ्रान्समध्ये दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीचा तपशील जाहीर करण्यात आला. हा दिवस आज जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो. भारतात ही कला लवकरच पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते.

त्या काळी छायाचित्र घेणे हे कष्टाचे काम होते. काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत ते विकसित करायचे, अशी पद्धत होती. रसायनांचे ज्ञान असल्याशिवाय काहीच साधत नसे. त्यामुळे कॅमेरा बाळगणारा आणि छायाचित्रकार यांत फारसे अंतर नव्हते.

हे अंतर १८८८ मध्ये पडले. त्या वर्षी अमेरिकेत कोडॅक कंपनीचा छोटा कॅमेरा बाजारात आला. त्यात शंभर छायाचित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ग्राहकाने फक्त बटण दाबायचे आणि फिल्म संपली की कॅमेरा कारखान्यात पाठवून द्यायचा. चित्रे छापून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत येई. तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही आता छायाचित्र घेता येऊ लागले. डिजिटल कॅमेरा आणि त्यानंतरचा भ्रमणध्वनी हे याच वाटेवरचे पुढचे टप्पे होत.

कायदा काय सांगतो?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या प्रश्नाचे एक सरळ उत्तर आहे. त्यातील व्याख्येनुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते छायाचित्र घेणारी व्यक्ती. कॅमेरा कोणाच्या मालकीचा आहे, याचा या व्याख्येत उल्लेख नाही. मित्राचा कॅमेरा मागून आणून कोणी छायाचित्र घेतले, तर त्याचा कर्ता घेणाराच ठरतो. नोकरीत असताना किंवा मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या छायाचित्रांच्या मालकीबाबत कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत. पण त्या मालकीविषयी आहेत, कर्तृत्वाविषयी नव्हेत.

इंडोनेशियातील एका घटनेने या व्याख्येची चांगलीच परीक्षा पाहिली. २०११ मध्ये सुलावेसी बेटावरील एका माकडाने ब्रिटिश छायाचित्रकार डेव्हिड स्लेटर यांच्या कॅमेऱ्याचे बटण दाबले आणि त्याचे हसरे छायाचित्र जगभर गाजले. कॅमेरा आपण मांडला, माकडांचा विश्वास आपण संपादन केला, म्हणून छायाचित्र आपले, असे स्लेटर यांचे म्हणणे होते. प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने माकडाच्या वतीने दावा लावला. प्राण्याला कॉपीराइट कायद्याखाली दावा लावता येत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. बटण कोणी दाबले, एवढ्याच प्रश्नावर छायाचित्रकाराची ओळख ठरवू गेल्यास किती गोंधळ होतो, हे या वादातून पुढे आले.

यंत्राचे काम आणि माणसाचे काम

कॅमेरा मुळात तीन गोष्टी ठरवतो : भिंगातून किती प्रकाश आत यावा, तो किती वेळ येऊ द्यावा आणि फिल्म किंवा संवेदक त्या प्रकाशाला किती प्रतिसाद देईल. छिद्र मोठे ठेवले, तर विषयामागची पार्श्वभूमी धूसर होते. पडदा क्षणाच्या हजाराव्या भागापुरता उघडला, तर धावणारा घोडाही स्थिर दिसतो. पूर्वी हे तिन्ही आकडे छायाचित्रकाराला स्वतः ठरवावे लागत. आता भ्रमणध्वनी ते आपोआप ठरवतो. एवढेच नव्हे, तर एका स्पर्शात अनेक चित्रे घेऊन, त्यांतील उजळ आणि गडद भाग एकत्र करून तो एकच चित्र आपल्यासमोर ठेवतो.

तरीही काही निर्णय यंत्राच्या हाती जात नाहीत. कोठे उभे राहायचे? कोणत्या क्षणाची वाट पाहायची? चौकटीत काय घ्यायचे आणि काय सोडायचे? घेतलेल्या शंभर चित्रांतून कोणते एक दाखवायचे? त्याखाली काय लिहायचे? आणि काही वेळा, छायाचित्र घ्यायचेच की नाही? छायाचित्रकाराचे काम या प्रश्नांपासून सुरू होते.

याचे साधे उदाहरण आषाढी वारीत मिळते. माउलींच्या पालखी सोहळ्यातील रिंगणात आधी स्वाराचा अश्व धावतो आणि त्यासोबत माउलींचा, म्हणजे ज्यावर कोणी बसलेले नसते असा अश्व धावतो. अश्व पुढे जाताच वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी झेपावतात. हा सारा प्रसंग थोड्या वेळात संपतो आणि तो कोणासाठी पुन्हा केला जात नाही. रिंगणाचा क्रम ज्याला ठाऊक आहे, तो अश्व गेल्यावरही कॅमेरा खाली ठेवत नाही. कारण खरा प्रसंग मातीकडे झेपावणाऱ्या हातांचा असतो, हे तो जाणतो. हा क्रम ठाऊक नसणाऱ्याकडे कितीही महाग भिंग असले, तरी त्याच्या हाती बहुधा घोड्याची पाठ लागते.

लग्नाची छायाचित्रे घेणाऱ्या गावोगावच्या व्यावसायिकांनाही हेच ज्ञान उपयोगी पडते. शेवटची मंगलाष्टका कोणती, अंतरपाट कोणत्या क्षणी दूर होणार, अक्षतांचा वर्षाव कोणत्या बाजूने होईल आणि मुलीची आई त्या वेळी कोठे उभी असेल, हे त्यांना अनुभवाने माहीत असते. या मंडळींची नावे कलाग्रंथांत येत नाहीत. तरीही घराघरांतील कौटुंबिक इतिहास त्यांच्याच नजरेने जपला गेला आहे.

होमाई व्यारावाला : एका आयुष्याचा धडा

छायाचित्रकार कशाने घडतो, हे समजून घेण्यासाठी होमाई व्यारावाला यांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील पारशी रंगभूमीवरील नट होते. होमाईंचे शिक्षण मुंबईत झाले आणि सर जे. जे. कला महाविद्यालयात त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. कॅमेरा त्यांना माणेकशॉ व्यारावाला यांनी शिकवला. पुढे त्यांच्याशीच होमाईंचा विवाह झाला. सुरुवातीची त्यांची काही छायाचित्रे माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतले. जन्मसाल १९१३, माणेकशॉ यांची ओळख झाली तेव्हाचे तेरा वर्षांचे वय आणि मोटारीचा डीएलडी १३ हा क्रमांक, असा या नावामागचा गमतीदार हिशेब होता.

१९४२ मध्ये हे दांपत्य दिल्लीस गेले. ब्रिटिश माहिती सेवेत काम करीत असतानाच होमाईंनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील दिल्ली टिपली. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर हात उंचावून मत देणारे काँग्रेसचे नेते, १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, लॉर्ड माउंटबॅटन यांचे भारतातून प्रयाण, महात्मा गांधींची अंत्ययात्रा, ही सारी दृश्ये त्यांच्या कॅमेऱ्यात बंदिस्त झाली. १९५६ मध्ये नथू ला खिंडीतून दलाई लामा भारतात आले, तेव्हाही त्या तेथे पोहोचल्या होत्या.

त्या वापरीत असलेला 'स्पीड ग्राफिक' कॅमेरा आजच्या मानाने अवजड होता. त्यात एका वेळी फिल्मचा एकच तुकडा येई. एका खोक्यात असे दोन तुकडे असत. एक चित्र घेतले की झाकण सरकवून खोके बाहेर काढायचे, उलटे करून पुन्हा बसवायचे, पडद्याची यंत्रणा पुन्हा सज्ज करायची आणि फ्लॅशचा जळून गेलेला गरम बल्ब बदलायचा, एवढे सोपस्कार दर चित्रामागे करावे लागत. साडी नेसलेल्या होमाई हे सारे ओझे घेऊन सायकलवरून दिल्लीत फिरत.

अशा यंत्राने काम करणाऱ्याला प्रसंग घडल्यावर बटण दाबून चालत नाही. प्रसंग घडण्यापूर्वीच तो ओळखावा लागतो. परदेशातून परतलेल्या विजयालक्ष्मी पंडित यांना विमानतळावर आलिंगन देणारे जवाहरलाल नेहरू, शांततेचे प्रतीक म्हणून कबुतर हातातून सोडणारे नेहरू आणि छायाचित्रणास मनाई असल्याच्या फलकाशेजारी उभे असलेले नेहरू, ही होमाईंची छायाचित्रे पाहिली की ही पूर्वतयारी लक्षात येते. शेवटच्या छायाचित्रातील विनोद कॅमेऱ्याने निर्माण केलेला नाही. फलक आणि माणूस एका चौकटीत आल्यावर काय अर्थ निघतो, हे ज्या नजरेला कळले त्या नजरेचा तो विनोद आहे.

या व्यवसायात चुकामूकही असते. ३० जानेवारी १९४८ रोजी होमाई गांधीजींच्या प्रार्थनासभेचे चित्रण करण्यासाठी बिर्ला भवनाकडे निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, असे म्हणून माणेकशॉ यांनी त्यांना परत बोलावले. तो उद्याचा दिवस आलाच नाही. त्या दिवशी आपण तेथे नव्हतो, ही खंत त्यांनी पुढे आयुष्यभर बोलून दाखवली. छायाचित्रकाराच्या दृष्टीने योग्य ठिकाणी असणे किती मोलाचे असते, हे या खंतीवरून कळते. लेखकाला मागाहून चौकशी करून लिहिता येते. छायाचित्रकाराला ती सवलत नाही.

माणेकशॉ यांचे १९६९ मध्ये निधन झाले आणि १९७० मध्ये होमाईंनी छायाचित्रण सोडले. कॅमेरा त्यांच्याजवळ होता, हात चालत होते, नावही झाले होते. परंतु नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यातील धसमुसळेपणा आणि व्यवसायाची उतरत चाललेली प्रतिष्ठा त्यांना मानवली नाही. आपल्या पिढीत छायाचित्रकारांचे वागण्याचे, पोशाखाचे आणि परस्परांशी सभ्यतेचे काही अलिखित नियम होते, असे त्या सांगत. पुढे त्या बडोद्यास स्थायिक झाल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण प्रदान करण्यात आले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा छायाचित्रसंग्रह दिल्लीतील अल्काझी प्रतिष्ठानाकडे जतन करण्यात आला आहे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचा गौरव होतो. मात्र ज्या कारणासाठी त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, तेही तितकेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे. समोरच्या माणसाशी कसे वागावे, हा त्यांच्या लेखी या कलेचाच भाग होता.

एकच दृश्य, दोन नजरा

एकाच ठिकाणी, एकाच वेळी दोन छायाचित्रकार उभे असतील, तर चित्रे सारखीच येतील का? भोपाळच्या घटनेत याचे हृदयद्रावक उत्तर मिळते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायूची गळती झाली आणि हजारो माणसे प्राणास मुकली. दफनभूमीत एका लहान मुलाला मूठमाती दिली जात असताना रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही त्याचे छायाचित्र घेतले. रघु राय यांचे छायाचित्र कृष्णधवल आहे, बार्थोलोम्यू यांचे रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्रास 'वर्ल्ड प्रेस फोटो' संस्थेचा १९८४ या वर्षासाठीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. रघु राय यांचे छायाचित्र पुढे न्यायासाठी चाललेल्या आंदोलनाचे जणू बोधचिन्ह बनले.

मूल तेच, माती तीच, उघडे राहिलेले डोळेही तेच. तरीही दोन छायाचित्रे पाहणाऱ्याच्या मनावर वेगवेगळा परिणाम करतात. रंगांमुळे एका चित्रात मातीचा आणि त्वचेचा प्रत्यक्षपणा अंगावर येतो. दुसऱ्यात रंग नसल्यामुळे लक्ष फक्त चेहऱ्यावर आणि हातावर खिळते. छायाचित्रकाराची नजर म्हणतात ती हीच. त्या मुलाचे नाव मात्र कधीच कळू शकले नाही. ज्याच्या चेहऱ्याने जगाला एका दुर्घटनेची ओळख करून दिली, तो स्वतः अनोळखीच राहिला. अशा छायाचित्राचा वापर कोठे, कशासाठी आणि किती वेळा करावा, हा प्रश्नही म्हणूनच छायाचित्रकाराच्या जबाबदारीत येतो.

घटना घडून गेल्यावरही छायाचित्रकाराची दृष्टी उपयोगी पडू शकते. १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी तेथे जाऊन भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा टिपल्या. गोळीबार होताना तेथे कॅमेरा नव्हता. पण भिंत साक्ष देऊ शकते, हे ज्याच्या लक्षात आले, त्याने इतिहासाला पुरावा मिळवून दिला.

निवड आणि ओळ

छायाचित्र घेतल्यानंतरचे काम वाचकांना सहसा दिसत नाही. घेतलेल्या चित्रांतून निवड करणे हे त्यातील सर्वांत अवघड काम मानले जाते. 'निर्णायक क्षणा'च्या संकल्पनेशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ प्रामुख्याने एक लहान लायका कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचे भिंग एवढ्यावर काम करीत. त्यांच्या फिल्ममध्येही एका उत्तम चित्राच्या मागेपुढे साधी चित्रे असत. ती बाजूला ठेवण्याचा विवेक छायाचित्रकाराकडे असावा लागतो. आज एका समारंभात हजारो चित्रे सहज घेतली जातात आणि ती सगळीच इतरांना पाठवली जातात. निवडीचा कंटाळा हे या सोयीचे फलित आहे.

छायाचित्राखालची ओळही तितकीच महत्त्वाची असते. २०१५ मध्ये 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेत बेल्जियममधील एका शहरावरील छायाचित्रमालिकेस दिलेले प्रथम पारितोषिक मागे घेण्यात आले. त्यातील एक छायाचित्र त्या शहरातील नसून दुसऱ्याच ठिकाणी घेतलेले होते, हे उघड झाले होते. माहिती खोटी ठरल्यामुळे मालिकेवरचा विश्वास गेला. कोण, कोठे, केव्हा आणि काय घडले, हे अचूक नोंदवणे म्हणूनच छायाचित्रकाराच्या कामातून वगळता येत नाही.

समोरच्या माणसाचा मान

व्यक्तिचित्रणात तर कॅमेऱ्यापेक्षा संवाद मोठा ठरतो. मुंबईचे गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी चित्रपट, संगीत आणि साहित्य क्षेत्रांतील असंख्य नामवंतांची छायाचित्रे घेतली. समोरच्या व्यक्तीला मोकळे करणारे त्यांचे बोलणे हा त्यांच्या कामाचा पाया होता. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांचे जीवन दीर्घकाळ टिपले. फडातील माणसांचा विश्वास मिळाल्याशिवाय तंबूमागची, रंग उतरवतानाची, थकलेली आयुष्ये कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. हा विश्वास कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

या मानाला कायद्याचीही जोड आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, तसेच गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या बालकांची ओळख उघड करणारे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या ओळखीबाबतही कायद्याने असेच संरक्षण दिले आहे. अपघात घडताच मदतीऐवजी कॅमेरे पुढे येतात, ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. जखमी माणसाला नकार देण्याची शक्ती नसते. त्याच्या वतीने हा नकार स्वतःला देणे, ही छायाचित्रकाराची कसोटी आहे.

मात्र दुःखापासून नेहमी दूर राहावे, असा याचा अर्थ होत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी घेतलेल्या छायाचित्रांमुळे त्या भुकेची तीव्रता देशापुढे आली. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीतील स्मशानांची छायाचित्रे दानिश सिद्दीकी यांनी घेतली आणि मृत्यूचे प्रमाण जगाला कळले. त्याच वर्षी १६ जुलै रोजी अफगाणिस्तानात वार्तांकन करताना सिद्दीकी मारले गेले. करोनाकाळातील कामासाठी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०२२ मध्ये पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. दुसऱ्याच्या दुःखावर कॅमेरा रोखण्याचा अधिकार, ते दुःख योग्य ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी घेतल्यानेच मिळतो.

कॅमेऱ्याविना चित्रे

आता या प्रश्नाला आणखी एक पैलू जोडला गेला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कॅमेऱ्याविनाही छायाचित्रासारखी चित्रे तयार होऊ लागली आहेत. २०२३ मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डाग्सेन यांनी 'सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्स'मधील एका विभागाचा पुरस्कार नाकारला. आपले चित्र छायाचित्र नसून कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार झाले आहे आणि अशा चित्रांविषयी चर्चा व्हावी यासाठीच आपण ते पाठवले, असे त्यांनी सांगितले. 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेने अशा चित्रांना प्रवेश बंद केला आहे.

छायाचित्र कोठे, केव्हा आणि कोणत्या यंत्राने घेतले, त्यात नंतर काय बदल झाले, याची नोंद चित्रासोबतच ठेवणारे तंत्रही विकसित झाले आहे. २०२३ मध्ये आलेल्या लायका कंपनीच्या एका कॅमेऱ्यात अशी सोय देण्यात आली. या तंत्राने चित्र खरे आहे हे दाखवता येईल. पण चौकटीबाहेर काय ठेवले, गर्दी मोठी दिसावी म्हणून कॅमेरा कोठे धरला, दहा हसऱ्या चेहऱ्यांतून एक रागावलेला चेहरा का निवडला, याची नोंद कोणतेही यंत्र ठेवत नाही. तेथे छायाचित्रकाराच्या शब्दावरच विसंबावे लागते.

नाव, पैसा आणि प्रसिद्धी

व्यवसाय म्हणून छायाचित्रे घेणाऱ्यालाच छायाचित्रकार म्हणावे का? अमेरिकेतील शिकागो शहरात मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी अनेक दशके रस्त्यांवरील जीवन टिपले. एक लाखाहून अधिक छायाचित्रे घेऊनही त्यांनी ती जवळजवळ कोणालाच दाखवली नाहीत. २००७ मध्ये त्यांच्या वस्तूंचा लिलाव झाला आणि हा ठेवा उजेडात आला. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना ना मोबदला मिळाला, ना हयातीत मान्यता. तरीही त्या छायाचित्रकार होत्या, याविषयी आज कोणाच्या मनात शंका नाही. वर्षानुवर्षे रोज पाहण्याची शिस्त त्यांच्या प्रत्येक चित्रात दिसते.

यावरून साधनांचे महत्त्व कमी ठरत नाही. अंधारात, पावसात, दूरवरच्या पक्ष्यासाठी किंवा धावत्या खेळाडूसाठी योग्य भिंग लागतेच आणि ते नीट वापरण्याचे ज्ञानही लागते. सुताराला धारदार रंधा लागतो, तसाच हा प्रकार आहे. पण रंधा विकत घेतल्याने कोणी सुतार होत नाही, हे सर्वांना पटते. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो.

नवशिक्यांसाठी जाणकार मंडळी एक साधा अभ्यास सुचवतात. हाती असलेला कॅमेरा किंवा भ्रमणध्वनी घ्यावा आणि आपल्याच गल्लीत, बाजारात किंवा एसटी स्थानकावर महिनाभर रोज ठरावीक वेळी जावे. दिवसाला थोडीच चित्रे घ्यावीत. त्यांतील एकच ठेवावे आणि त्याखाली ठिकाण, वेळ व माणसांची माहिती अचूक लिहावी. ज्यांचे छायाचित्र घेतले, त्यांना ते दाखवावे. महिन्याच्या अखेरीस तीस चित्रे उरतील. उजेड कोणत्या वेळी कोठे पडतो, भाजीवाल्या मावशी कोणत्या क्षणी हसतात आणि कोणत्या क्षणी त्यांना कॅमेरा नको असतो, हे तोपर्यंत कळलेले असेल.

पुण्यात बर्क-व्हाइट यांना चरखा शिकण्यास सांगणाऱ्या सचिवांना छायाचित्रणाचे तंत्र अवगत असण्याचे कारण नव्हते. तरीही छायाचित्रकाराकडून काय अपेक्षावे, हे त्यांनी अचूक सांगितले होते. ज्याचे छायाचित्र घ्यायचे, त्याला आधी समजून घ्यावे. एवढे कष्ट जो घेतो, त्याच्या हातातील कोणताही कॅमेरा पुरेसा ठरतो.